लिंबाची साल आणि तुटलेली गुणसूत्रं

आजचा प्रश्न असा आहे : फळं टिकावीत म्हणून लावलेलं एखादं बुरशीनाशक आपल्या गुणसूत्रांची मोडतोड करतं का, हे कसं शोधतात? आणि शोधल्यावर त्या उत्तराचं काय करतात?

‘अमुक पदार्थाने प्रयोगशाळेतल्या पेशींची गुणसूत्रं तुटली’ अशी बातमी आपल्या मोबाइलवर अधूनमधून येते. कुणी ती पुढे पाठवतो, कुणी हसून सोडून देतो. हा प्रयोग कुठून आला आणि तो नेमकं काय सांगतो, हे ठाऊक नसल्याने दोघांचीही पंचाईत होते. म्हणून आज याचा इतिहास पाहू. तो घडला मुख्यतः जपानमध्ये, लिंबू आणि ग्रेपफ्रूटच्या निमित्ताने. आपल्या पावाचाही त्यात एक धागा आहे, तो शेवटी येईल.

हिरवी भुकटी

संत्र्याची पेटी आठवडाभर घरात राहिली की तळातल्या एखाद्या फळावर आधी मऊ डाग पडतो, मग पांढरट बुरशी धरते आणि शेवटी हिरवी भुकटी. नागपूर असो की कॅलिफोर्निया, गुन्हेगार एकच, पेनिसिलियम डिजिटेटम. तिची निळसर बहीण पेनिसिलियम इटॅलिकम. फळ तोडताना सालीला जिथे ओरखडा जातो, तिथून ती आत शिरते. एक फळ सडलं की शेजारची धोक्यात.

घरातल्या पेटीत दोन फळं गेली तर फार बिघडत नाही. पण जहाजातून हजारो मैलांवर फळं पाठवायची असतील तर सगळा सौदाच सडतो. म्हणून अमेरिकेतल्या लिंबूवर्गीय फळांच्या व्यापाऱ्यांनी तोडणीनंतर फळं रसायनात बुडवायला सुरुवात केली. त्यातलं एक होतं ऑर्थो-फेनिलफिनॉल, थोडक्यात ओपीपी. त्याचा सोडियम क्षार पाण्यात विरघळतो, म्हणून फळं धुण्याच्या टाकीत तो सोयीचा. जंतुनाशक फवाऱ्यांतही हेच रसायन असतं. दुसरं होतं थायबेंडाझोल. तिसरं डायफेनिल, ते कागदात मुरवून तो कागद पेटीत ठेवत.

शेतात फवारलेलं औषध ऊन-पावसाने कमी होत जातं. तोडणीनंतर सालीवर लावलेलं औषध मात्र फळासोबत ग्राहकाच्या घरापर्यंत यावं, हाच त्याचा हेतू. मग त्याला कीटकनाशक म्हणायचं की अन्नात घातलेलं टिकवणद्रव्य? अमेरिका म्हणत होती, पहिलं. जपान म्हणत होता, दुसरं. शब्दांचा हा फरक पुढे दोन देशांच्या व्यापारात मोठा वाद घालणार होता. त्याआधी गुणसूत्रं बघण्याची कला कशी जमली ते पाहू.

चाळीस आणि सहा

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? आज शाळकरी मूलही ४६ सांगेल. पण १९२३ पासून तीसेक वर्षं जगभरच्या पुस्तकांत ४८ लिहिलेलं होतं. टेक्सासच्या थिओफिलस पेंटर यांनी तो आकडा दिला होता आणि पुढच्या लोकांनीही मोजताना ४८ च मोजले. कारण काचपट्टीवर गुणसूत्रं एकमेकांवर चढून शेवयांच्या गुंत्यासारखी दिसत. अशा गुंत्यात माणसाला जो आकडा अपेक्षित असतो, तोच दिसतो.

हा गुंता सुटला तो एका चुकीमुळे. १९५२ साली टेक्सासमध्येच टी. सी. श्यू या तरुण संशोधकाला काही काचपट्ट्यांवर अचानक सगळी गुणसूत्रं सुटी, मोकळी पसरलेली दिसली. पुन्हा तोच प्रयोग केला, पुन्हा गुंता. बऱ्याच खटाटोपानंतर कळलं की पेशी धुण्याचं मिठाचं पाणी कुणीतरी चुकून पातळ केलं होतं. पातळ पाण्यात पेशी फुगते आणि आतली गुणसूत्रं दूर दूर होतात. ती चूक कुणाची, हे श्यू यांना कधीच कळलं नाही.

जावात जन्मलेले जो-हिन त्यियो आणि स्वीडनचे आल्बर्ट लेव्हान यांनी लुंडमध्ये हीच युक्ती नीट वापरली. जोडीला कोल्चिसिन. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात असतं तेच विषारी द्रव्य. विभाजनाच्या ऐन मध्यावर, गुणसूत्रं सगळ्यांत जाड आणि ठसठशीत असताना, ते पेशीला रोखून धरतं. १९५६ च्या सुरुवातीला दोघांनी जाहीर केलं की आकडा ४६ आहे.

१९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक दार उघडलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी काचेच्या भांड्यात विभागत नाहीत. तांबड्या पेशी बाजूला काढण्यासाठी त्या काळी घेवड्या-राजम्याच्या जातीच्या दाण्यांतलं एक प्रथिन वापरत. त्या प्रथिनामुळे पांढऱ्या पेशी विभागू लागतात, हे नोवेल यांच्या लक्षात आलं. म्हणजे आता चमचाभर रक्त घ्यायचं, दोन-तीन दिवस उबेत ठेवायचं आणि माणसाची गुणसूत्रं बघायची.

दुसऱ्या बाजूला एक छोटा प्राणी कामाला आला, चिनी हॅमस्टर. १९४८ च्या अखेरीस, चीनमधलं यादवी युद्ध निर्णायक टप्प्यावर असताना, या प्राण्यांच्या काही जोड्या विमानाने अमेरिकेत पोचल्या. त्यांच्या वंशातल्या एका मादीच्या अंडाशयातून डेन्व्हरमध्ये थिओडोर पक यांनी १९५० च्या दशकात पेशींची एक पिढीजात ओळ तयार केली. तिला सीएचओ म्हणतात. या प्राण्यात गुणसूत्रं फक्त २२, आणि चांगली मोठी. मोजायला सोपी, मोडलेली ओळखायला सोपी. पुढे जपानमध्ये याच प्राण्याच्या फुप्फुसातून सीएचएल नावाची दुसरी ओळ निघाली.

प्रयोग असा. पेशींना भांड्यात वाढवायचं, त्यात रसायन वेगवेगळ्या मात्रेत घालायचं, काही तास किंवा एक-दोन दिवस थांबायचं, कोल्चिसिनसारख्या द्रव्याने विभाजन रोखायचं, पातळ पाण्यात फुगवायचं, काचपट्टीवर थेंब टाकायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी बघत बसायचं. कुठे तुकडा पडला, कुठे दोन तुकडे भलत्याच जोडीने चिकटले, कुठे गोल कडी झाली, याची नोंद. रसायन न घातलेल्या पेशींतही अशी मोडतोड थोडी असतेच, म्हणून त्यांच्याशी तुलना. काचपट्ट्यांवर सांकेतिक आकडे घालतात, म्हणजे बघणाऱ्याला कुठली पट्टी औषधाची आणि कुठली साधी हे कळत नाही. ४८ च्या गोष्टीतून हा धडा घेण्यासारखाच होता.

आणखी एक युक्ती १९७४ च्या सुमारास सोपी झाली. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते आणि दोन जुळी सूत्रं शेजारी राहतात. एका जुळ्याला गडद आणि दुसऱ्याला फिका रंग देता आला, तर दोघांनी आपसांत तुकडे बदलले की गडद-फिके पट्टे दिसतात. या अदलाबदलीने पेशी मरत नाही. पण अदलाबदल वाढली तर डीएनएला कुणीतरी छेडलं आहे, एवढा संशय घ्यायला जागा होते.

तोफूतलं औषध

आता जपान. १९६५ साली तिथे एएफ-२ नावाच्या टिकवणद्रव्याला परवानगी मिळाली. हे नायट्रोफ्युरान कुळातलं रसायन जिवाणू मारायचं. तोफू, माशांचे सॉसेज, हॅम अशा रोजच्या खाण्यात ते पडू लागलं. प्राण्यांवरच्या आधीच्या चाचण्यांत कर्करोग दिसला नव्हता. कागदोपत्री सगळं ठीक होतं.

१९७३ मध्ये तोनोमुरा आणि सासाकी या दोन संशोधकांनी माणसाच्या रक्तातल्या पेशी एएफ-२ मध्ये वाढवून पाहिल्या. गुणसूत्रं तुटली. त्याच सुमारास मिशिमा इथल्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत त्सुनेओ कादा यांना जिवाणूंमध्येही या द्रव्याने आनुवंशिक बदल होताना दिसले. लोक चिडले. तोफू म्हणजे त्यांच्याकडे आपल्याकडच्या वरणासारखी गोष्ट. सरकारने प्राण्यांवर नव्याने चाचणी करायला लावली, तेव्हा उंदरांच्या जठराच्या पुढच्या भागात गाठी दिसल्या. १९७४ मध्ये एएफ-२ वर बंदी आली. नऊ वर्षं संपूर्ण देशाने ते खाल्लं होतं.

यातून दोन धडे निघाले. पहिला, काही दिवसांत होणारी पेशींची चाचणी कधी कधी वर्षानुवर्षांच्या प्राणी-चाचणीच्या आधी खरा इशारा देते. दुसरा, एका चाचणीवर विसंबू नये. अमेरिकेत ब्रूस एम्स यांनी जिवाणूंची जी झटपट चाचणी बसवली होती, तिच्या सुरुवातीच्या जिवाणू-जातींच्या हातून एएफ-२ निसटलं होतं. एम्स यांच्या गटाने जिवाणूंत एक जादा डीएनए-कडं घालून नव्या जाती केल्या, तेव्हा ते ठळक सापडलं.

जपानने मग उलट दिशेने विचार केला. एकेका पदार्थावर तक्रार येईपर्यंत का थांबायचं? टोकियोच्या राष्ट्रीय आरोग्यविज्ञान संस्थेत मोतोई इशिदाते आणि सहकाऱ्यांनी देशात वापरात असलेली अन्नातली द्रव्यं रांगेने तपासायला घेतली. सीएचएल पेशींना २४ आणि ४८ तास रसायनात ठेवायचं, प्रत्येक मात्रेला १०० पेशी मोजायच्या. ५ टक्क्यांपेक्षा कमी पेशींत मोडतोड असेल तर ‘नाही’, १० टक्के किंवा जास्त असेल तर ‘होय’, मधलं ‘सांगता येत नाही’. १९८४ मध्ये निकाल छापून आले. २४२ द्रव्यांपैकी ५४ द्रव्यांनी गुणसूत्रं मोडली होती. एम्स चाचणीत तपासलेल्या २०० पैकी फक्त १४ सापडली.

म्हणजे जवळपास दर चार-पाचातलं एक द्रव्य ‘दोषी’. सगळ्यांवर बंदी घालायची का? इथून गोष्ट अवघड होते. पण त्याआधी लिंबांकडे वळू.

लिंबांची लढाई

जपानने १९६४ मध्ये लिंबांची आणि १९७१ मध्ये ग्रेपफ्रूटची आयात खुली केली. अमेरिकन फळं भरभरून येऊ लागली. १९७५ मध्ये तपासणीत त्यांच्यावर ओपीपी सापडलं. जपानच्या कायद्यात ज्या द्रव्याचं नाव परवानगीच्या यादीत नाही ते अन्नात घालता येत नाही, आणि ओपीपी त्या यादीत नव्हतं. डायफेनिलला १९७१ मध्येच परवानगी मिळाली होती, ओपीपीला नाही. फळं बाजारातून काढायला लावली. एएफ-२ ला जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा सरकारला वेगळं काही करणं शक्यही नव्हतं.

अमेरिकेचं म्हणणं, हे औषध आमच्याकडे कित्येक वर्षं वापरात आहे, अडवणूक करू नका. त्या काळात जपान अमेरिकेला मोटारी आणि टीव्ही विकत होता आणि अमेरिकेचा तोटा वाढत होता. फळांवरचं बुरशीनाशक त्या मोठ्या हिशेबातली एक ओळ झालं. १९७७ मध्ये जपानने ओपीपीला अन्नातलं द्रव्य म्हणून मान्यता दिली. मर्यादा ठरली किलोभर फळात १० मिलिग्रॅम. पुढच्या वर्षी थायबेंडाझोललाही मान्यता मिळाली. ग्राहक संघटनांनी आरोप केला की लोकांच्या आरोग्याच्या बदल्यात मोटारींची वाट मोकळी केली. आरोप रास्त की अवास्तव, हे ठरवायला पुरावा लागणार होता.

तो गोळा करायला पुढे आली टोकियो महानगराची स्वतःची सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा. केंद्र सरकारने परवानगी दिली आणि शहराची प्रयोगशाळा ती तपासते आहे, हे चित्र आपल्याला जरा नवलाचं वाटेल. तिथल्या हिरागा आणि फुजी यांनी उंदरांच्या खाद्यात ओपीपीचा सोडियम क्षार मिसळला. १९८१ मध्ये त्यांनी निकाल छापले. खाद्यात २ टक्के मात्रा असलेल्या नरांपैकी बहुसंख्य नरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या होत्या.

त्याच प्रयोगशाळेतल्या तायामा आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सीएचओ पेशींवरचं काम प्रसिद्ध केलं. ओपीपीची मात्रा वाढवत नेली तशी जुळ्या सूत्रांमधली अदलाबदल वाढली आणि गुणसूत्रांची मोडतोडही वाढली. एम्स चाचणीत मात्र ओपीपी बहुतेक वेळा निर्दोष सुटत होतं. एक चाचणी ‘होय’ म्हणते, दुसरी ‘नाही’. कुणाचं ऐकायचं?

यकृताची साक्ष

उत्तर शोधायचं तर ओपीपी शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं ते बघावं लागतं. थोडं गेलं तर यकृत त्याला सल्फेटची किंवा ग्लुकुरॉनिक आम्लाची शेपटी जोडतं आणि लघवीतून बाहेर घालवतं. काम संपलं. पण फार मोठ्या मात्रेत गेलं की शेपट्या जोडणारी यंत्रणा पुरी पडत नाही. तेव्हा काही भाग दुसऱ्या वाटेने जातो आणि त्याचं फेनिलहायड्रोक्विनोन बनतं. ते आणखी ऑक्सिडीकरण होऊन फेनिलबेंझोक्विनोन होतं. हे चिडखोर रेणू आहेत. प्रथिनांना आणि पेशीतल्या इतर घटकांना ते चिकटतात. सोडियम क्षाराने लघवी अल्कधर्मी होते, आणि तशा लघवीत ही क्रिया जास्त सहज होते. गाठी मूत्राशयातच का झाल्या, याचा काही उलगडा इथे होतो.

काचेच्या भांड्यातल्या पेशींजवळ यकृत नसतं. म्हणून संशोधक उंदराच्या यकृताचा रस काढून तो भांड्यात घालतात. तो फिरवून, गाळ खाली बसवून वरचा भाग घेतात, त्याला एस-९ म्हणतात. तायामा यांच्या गटाने ओपीपी आणि त्यापासून बनणारे पदार्थ असे तपासले, तेव्हा संशयाची सुई फेनिलहायड्रोक्विनोनकडे वळली. भांड्यात ग्लुटाथायोन किंवा सिस्टीन यांसारखे, असल्या चिडखोर रेणूंना पकडणारे पदार्थ घातले की नुकसान कमी झालं. हे दोन्ही पदार्थ आपल्या पेशींत मुळातच असतात. म्हणजे शरीराजवळ ढाल आहे. प्रश्न एवढाच की ती किती माऱ्याला पुरते.

इथे मात्रेचा हिशेब करून पाहू. उंदरांच्या खाद्यात २ टक्के, म्हणजे किलोमागे २०,००० मिलिग्रॅम. जपानी मर्यादा फळात किलोमागे १० मिलिग्रॅम. दोन हजार पटींचा फरक. ‘म्हणजे काळजीच नको’ असं लगेच म्हणायचं नाही. कारण काही द्रव्यांच्या बाबतीत ‘थोडं म्हणजे निर्धोक’ हा नियम लागत नाही. एक रेणू थेट डीएनएला जाऊन चिकटत असेल तर कमी मात्रेत धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून वादाचा खरा मुद्दा हा होता : ओपीपी डीएनएवर थेट घाव घालतं, की आधी शरीराची ढाल मोडून, पेशींची जाळपोळ करून मग गाठी होतात? पहिलं असेल तर सुरक्षित रेषा आखता येत नाही. दुसरं असेल तर ढाल टिकते तिथवर रेषा आखता येते.

१९९९ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय समित्यांनी निकाल दिले. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, सोडियम क्षाराला ‘२ब’ गटात ठेवलं, ‘माणसात कर्करोग करू शकेल अशी शक्यता’. मूळ ओपीपीला गट ३ दिला, म्हणजे पुरावा वर्गीकरणाला पुरेसा नाही. हे गट पुराव्याचं बळ सांगतात, धोक्याचा आकार नाही. त्याच वर्षी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञगटाने दुसरा प्रश्न घेतला : रोज किती चालेल? दोन वर्षांच्या उंदीर-चाचणीत किलो वजनामागे रोज ३९ मिलिग्रॅमला अपाय दिसला नव्हता. त्याला शंभराने भागून त्यांनी किलोमागे ०.४ मिलिग्रॅम अशी मर्यादा दिली. ५० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला २० मिलिग्रॅम. कमाल मर्यादेइतकं औषध असलेली फळं सालीसकट रोज दोन किलो, आयुष्यभर खाल्ली तर तिथवर पोचाल.

मग ग्राहक संघटना चुकीच्या होत्या का? मला तसं वाटत नाही. १९७७ मध्ये परवानगी दिली तेव्हा यातलं बहुतेक ज्ञान नव्हतं. आधी परवानगी आली आणि पुरावा नंतर गोळा झाला. पुराव्याने परवानगीची बाजू बऱ्यापैकी राखली, पण पुरावा उलटा निघाला असता तर? एएफ-२ च्या वेळी तो उलटाच निघाला होता. आक्षेप रसायनाइतकाच त्या क्रमावर होता, आणि तो रास्त होता. युरोपने पुढे वर्गीकरणाचा घोळ मिटवला. तिथे ई-२३१ आणि ई-२३२ या क्रमांकांनी अन्नद्रव्यांच्या यादीत असलेली ही जोडी त्या यादीतून काढून कीटकनाशकांच्या नियमांखाली नेली.

मीठही दोषी

आता मघाचा प्रश्न. ५४ द्रव्यांनी गुणसूत्रं मोडली, त्यांचं काय? १९८७ मध्ये शीला गॅलोवे आणि सहकाऱ्यांनी सीएचओ पेशींच्या भांड्यात साधं मीठ आणि साखर यांसारखे पदार्थ भरपूर घातले. गुणसूत्रं तुटली! डीएनएशी मिठाचं काही वैर नाही. पण भांड्यातलं पाणी इतकं खारट-दाट झालं की पेशी आक्रसल्या आणि त्या धक्क्याने मोडतोड झाली. आम्लता फार बदलली तरी तसंच होतं. मरणाच्या दारात असलेल्या पेशीची गुणसूत्रं तुटतात, तिला तिथवर कशानेही नेलं तरी.

म्हणून चाचणीचे नियम घट्ट होत गेले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, १९८३ मध्ये या चाचणीची मार्गदर्शिका काढली, तिचा क्रमांक ४७३. २०१४ च्या सुधारणेत कमाल मात्रा मिलिलिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली, पेशींची वाढ साधारण निम्म्याहून फार कमी होईल अशी मात्रा वापरू नये असं सांगितलं आणि दर मात्रेला किमान ३०० पेशी मोजायला लावल्या. भारतातल्या प्रयोगशाळाही नवं औषध किंवा कीटकनाशक तपासताना हीच मार्गदर्शिका वापरतात.

पावापर्यंत

आता तो राहिलेला धागा. इशिदाते यांच्या यादीत पोटॅशियम ब्रोमेट होतं. पाव हलका, पांढरा आणि फुगीर व्हावा म्हणून मैद्यात घालतात ते. त्याने गुणसूत्रं मोडली, एम्स चाचणीतही ते सापडलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जपानमध्ये कुरोकावा यांनी दाखवलं की उंदरांच्या मूत्रपिंडात त्याने गाठी होतात. म्हणजे मिठासारखा हा खोटा गजर नव्हता. तिन्ही साक्षीदार एकच सांगत होते. आयएआरसीने त्याला २ब गटात टाकलं. अनेक देशांनी ते पावातून काढलं.

भारतात ते परवानगीच्या यादीत राहिलं. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासून सांगितलं की ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेट यादीतून काढलं. मधे तीस वर्षांहून जास्त काळ गेला होता. त्या तीस वर्षांत विज्ञानात नवं काही घडायचं बाकी नव्हतं. बाकी होती ती छापलेला निकाल वाचून यादी पुन्हा उघडण्याची तयारी. वडापावापासून चहाबरोबरच्या ब्रेडपर्यंत आपल्या सगळ्या शहरांचं खाणं पावावर चालतं, तेव्हा हा उशीर कुणाच्या पोटात गेला हे सांगायला नको.

तेव्हा पुढच्या वेळी तशी बातमी आली तर घाबरण्याआधी किंवा हसण्याआधी चार गोष्टी विचारा. मात्रा किती होती, आणि त्या मात्रेत पेशी धड जिवंत होत्या का? यकृताचा रस घालून आणि न घालता, दोन्ही तऱ्हांनी पाहिलं का? दुसऱ्या जातीच्या चाचणीने, आणि प्राण्यांवरच्या चाचणीने काय सांगितलं? आणि चौथी, जी बातमीत बहुधा नसते : परवानगी आधी मिळाली की पुरावा आधी आला? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं शास्त्रज्ञ देतील. चौथ्याचं उत्तर सरकारकडून मागावं लागतं, आणि ते मागणं ग्राहक म्हणून तुमचं-माझं काम आहे. जपानच्या ग्राहक संघटनांनी ते केलं.

एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. तोडणीनंतर लावलेलं बुरशीनाशक बहुतांशी सालीत राहतं. संत्रं सोलून खाणाऱ्याला त्याचा फारसा प्रश्न नाही. आयात केलेल्या फळाची साल किसून केकमध्ये घालणार असाल किंवा मुरांबा करणार असाल, तर पेटीवर काय लिहिलंय ते वाचा. जपानमध्ये असं औषध लावलेली फळं विकताना त्याचं नाव ग्राहकाला दिसेल असं लिहावं लागतं. आपल्या बाजारात तशी पाटी दिसत नसेल, तर दुकानदाराला विचारायला काहीच हरकत नाही.